अम्मा उणवगम, चेन्नई: रुपयाची इडली आणि एका नेत्याचं पुनरागमन

चेन्नईत दिवसभराचं जेवण अठरा रुपयांत होतं. सकाळी चार इडल्यांचे ४ रुपये, दुपारी सांबारभात ५ आणि दहीभात ३, रात्री दोन-दोन चपात्यांच्या दोन प्लेटा ६ रुपये. २०१३ साली ठरलेले हे दर आजही तेच आहेत. महागाई कुठल्या कुठे गेली, पण अम्मा उणवगम या पालिकेच्या स्वस्त खानावळीच्या (उणवगम म्हणजे खानावळ) पाटीवर इडलीपुढे ‘१’ हाच आकडा आहे. हे परीक्षण त्या खानावळीचं आहे, आणि पाटीवर ज्यांचा चेहरा आहे त्या ‘अम्मां’च्या, म्हणजे तामिळनाडूच्या दिवंगत मुख्यमंत्री आणि अण्णाद्रमुकच्या नेत्या जयललितांच्या राजकारणाचंही. दोन्ही वेगळे काढून बघता येत नाहीत.

आधी जेवण.

सकाळी ७ ते १० इडली-सांबार आणि ५ रुपयांचा पोंगल (मुगाच्या डाळीची मऊ खिचडी). दुपारी १२ ते ३ सांबारभात, त्याच्या जोडीला लिंबूभात किंवा कढीपत्त्याचा भात (दोन्ही ५ रुपये) आणि दहीभात. संध्याकाळी ६ ते ९ दोन चपात्या आणि वरण, ३ रुपये. सगळं शाकाहारी. चहा-कॉफी नाही, इडलीबरोबर चटणीची अपेक्षा ठेवू नका. खिडकीवर पैसे देऊन टोकन घ्यायचं, ते वाढणाऱ्या बाईंना द्यायचं, स्टीलच्या ताटात अन्न घ्यायचं आणि उंच टेबलाशी उभ्यानं जेवायचं. सुटे पैसे जवळ ठेवा. तीन रुपयांच्या दहीभातासाठी शंभराची नोट पुढे केली की मागच्या रांगेतून काय ऐकू येतं ते तमिळ न येणाऱ्यालाही कळतं. अन्न बांधून न देणं हा मूळ नियम. कारण उघड आहे: रुपयाला इडली घेऊन कोपऱ्यावर पाच रुपयांना विकणारा दुसऱ्याच दिवशी उभा राहिला असता.

इडलीची गंमत अशी की तिच्यात लपवाछपवी चालत नाही. उकड्या तांदळाचे चार भाग आणि उडदाचा एक भाग हे ढोबळ प्रमाण. तांदूळ इथे स्वस्त आहे, कारण महापालिकेला तो सरकारी साठ्यातून रुपया किलोनं मिळतो. महाग काय, तर उडीद. त्यामुळे कुठल्याही अनुदानित स्वयंपाकघरात हात आखडला की पहिली कात्री उडदाला लागते आणि इडली चामट होते. दुसरी अडचण वाटण्याची. ओल्या वाटणयंत्राचे दगड झिजले की पीठ रवाळ राहतं आणि त्यात हवा धरत नाही. यंत्र बंद पडलं आणि दुरुस्तीचा कागद विभागीय कार्यालयात अडकला, तर दोन-चार दिवस इडलीचा दर्जा घसरलेला दिसतो. तिसरी अडचण हवामानाची. मे महिन्यात चेन्नईत पीठ पाच-सहा तासांत फुगतं आणि पहाटेपर्यंत आंबटही होतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात तेच पीठ रात्रभर ठेवूनही पुरतं वर येत नाही. म्हणून इडली खायची तर सव्वासात ते आठच्या दरम्यान जावं. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वाफेचा घाणा मिळतो. पावणेदहाला मिळणारी इडली बहुतेक वेळा उरलेल्या आंबट पिठाची, बसलेली असते.

सांबारभात हा या खानावळीचा खरा पदार्थ. इडली प्रसिद्ध झाली, पण हमाल, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर यांचं पोट भरतं ते सांबारभातावर. भात आणि सांबार एकत्र, सैलसर, वर भाज्यांचे तुकडे. इथे दर्जा तूरडाळीच्या भावावर ठरतो. २०१५ च्या उत्तरार्धात डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. असा भाव चढला की सांबारातली डाळ पातळ होते आणि चिंचेचं पाणी पुढे येतं. ताट हातात आल्यावर सांबार भाताला धरून बसलाय की बाजूने पाणी सुटतंय एवढं बघितलं तरी पुरतं. दहीभात मात्र बेभरवशाचा. सकाळी विरजणात दूध मिसळून कालवलेला भात बारा वाजता गोडसर असतो आणि अडीचला आंबट ढाण होतो. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर त्याच्या वाटेला जाऊ नये. पोंगल चांगला असतो, पण काजू आणि तुपाची सवय असलेल्यांनी ती सवय बाहेर ठेवून यावं.

चपातीबद्दल मराठी माणसाला थोडं सांगायला हवं. ही घडीची पोळी नाही. यंत्रावर दाबलेली, थोडी जाड, निवली की चिवट होणारी चपाती आहे. गरम असताना वरणात बुडवून खाल्ली तर तक्रार नाही. मुळात ही भाताच्या मुलखातली सोय आहे. रात्री चपाती खाणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्ण बरेच आणि उत्तरेकडून आलेले मजूरही बरेच. सुरुवातीला इथे फक्त इडली, सांबारभात आणि दहीभात असे तीन पदार्थ होते, बाकीचे पुढे वाढत गेले.

आता पाटीवरच्या चेहऱ्याकडे येऊ.

पहिलं उणवगम १९ फेब्रुवारी २०१३ रोजी चेन्नईच्या सांथोम भागात उघडलं, जयललितांच्या पासष्टाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी. तारखेचा हा योगायोग नव्हता. लवकरच शहराच्या प्रत्येक वॉर्डात एक, असे दोनशे झाले. पुढे फक्त चेन्नईत हा आकडा चारशेच्या वर गेला. मग मदुराई, तिरुची, कोइम्बतूर आणि सरकारी रुग्णालयांची आवारं. पाठोपाठ अम्मा पाण्याची बाटली, अम्मा मीठ, अम्मा औषधालय, अम्मा सिमेंट. एका नेत्याचं नाव इतक्या वस्तूंवर इतक्या शिस्तीत छापलेलं भारतात क्वचितच दिसतं.

या बाईंना पुनरागमनाची सवय होती. १९९६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला चार जागा मिळाल्या आणि बरगूर मतदारसंघात त्या स्वतः पडल्या. मानसपुत्राचं १९९५ मधलं अवाढव्य लग्न, उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेचा ६६ कोटींचा आरोप, डिसेंबर १९९६ मधली अटक, हे सगळं होऊन २००१ मध्ये पक्ष पुन्हा सत्तेवर आला. तान्सी या सरकारी कंपनीच्या जमीन प्रकरणातल्या शिक्षेमुळे त्या निवडणुकीला अपात्र ठरल्या होत्या आणि त्यांचे चारही अर्ज फेटाळले गेले होते. तरीही १४ मे २००१ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबरला ती नियुक्ती रद्द केली, त्यांच्याच पक्षाचे ओ. पन्नीरसेल्वम मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर बसले, डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जयललितांना निर्दोष सोडलं, आंडिपट्टीची पोटनिवडणूक झाली आणि मार्च २००२ मध्ये त्या परत आल्या. त्या वेळी उणवगम नव्हतं. म्हणजे स्वस्त इडलीशिवायही त्या परतल्या होत्या, हे कोणीही हिशेब मांडताना विसरू नये.

दुसरी फेरी २७ सप्टेंबर २०१४ ची. मालमत्तेच्या त्याच जुन्या खटल्यात बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने चार वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड ठोठावला. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८ नुसार आमदारकी जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाच्या आडोशाने ती टिकवायची सोयही उरली नव्हती. आमदारकीबरोबर मुख्यमंत्रिपद गेलं, पन्नीरसेल्वम पुन्हा आले. जामिनावर सुटका १८ ऑक्टोबरला. पुढचे सात महिने त्या जाहीरपणे जवळजवळ दिसल्याच नाहीत. मुख्यमंत्री दुसराच होता, आणि चेन्नईच्या प्रत्येक वॉर्डात रोज तीन वेळा अम्मांच्या फोटोखाली रांग लागत होती.

इथेच या सेवेचा राजकीय गुणधर्म कळतो. मोफत मिक्सर किंवा पंखा एकदाच मिळतो, वर्षभरात त्याचं कौतुक संपतं. इडली रोज लागते. नेता तुरुंगात असो, घरात बसलेला असो, रुग्णालयात असो, त्याचं नाव दिवसातून तीनदा हजारो तोंडांत येत राहतं, तेही जाहिरातीचं बिल न भरता. बिल महापालिका भरते. ११ मे २०१५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, २३ मेला पाचव्यांदा शपथ झाली, आणि परतल्यावर हाती घेतलेल्या पहिल्या कामांत नव्या उणवगमांचं उद्घाटन होतं. जूनमध्ये डॉ. राधाकृष्णन नगरच्या पोटनिवडणुकीत त्या दीड लाखाच्या आसपास मताधिक्याने जिंकल्या. २०१६ मध्ये सत्ताधारी पक्ष पुन्हा निवडून आला. तामिळनाडूत १९८४ नंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं.

पण थोडं थांबा. इडलीने निवडणूक जिंकली असं म्हणणाऱ्यांनी २०१६ चा चेन्नई शहराचा निकाल उघडून बघावा. शहरात १६ जागा, त्यातल्या १० प्रतिस्पर्धी द्रमुककडे गेल्या, अण्णाद्रमुकला ६. उणवगमांची सगळ्यात दाट वस्ती याच शहरात. डिसेंबर २०१५ च्या पुरात उणवगमांनी फुकट जेवण दिलं, ते चांगलंच काम होतं. पण त्याच पुरात मदतीच्या पाकिटांवर अम्मांचे स्टिकर चिकटवले गेल्याच्या बातम्या आल्या आणि शहर भडकलं. पाणी का शिरलं, तलावाचं पाणी कधी सोडलं, याची उत्तरं मागणाऱ्या माणसाला सांबारभाताने गप्प बसवता येत नाही. लोकांनी जेवण जेवलं आणि मत दुसरीकडे दिलं, आणि यात कृतघ्नपणा काहीच नाही. ते जेवण त्यांच्याच करातून शिजलेलं होतं.

न्यायालयाच्या बाजूने शेवटचा शब्द १४ फेब्रुवारी २०१७ चा. सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा कायम केली. तोवर जयललितांना जाऊन सव्वादोन महिने झाले होते. त्यांच्यापुरता खटला मिटला, सहआरोपी तुरुंगात गेले.

नेता गेल्यावर नावाची खानावळ कशी चालते, हा परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे गुण कापावे लागतात. उत्पन्न आणि खर्च यांत दरवर्षी शंभर कोटींच्या आसपास खड्डा आहे. तो चेन्नई महापालिका भरते, राज्य सरकार नाही. म्हणजे राज्याचा चेहरा आणि पालिकेची तिजोरी. पालिकेकडे पैसे कमी पडले की भांडी बदलत नाहीत, वाटणयंत्रं दुरुस्त होत नाहीत, गळकं छत तसंच राहतं. काम करणाऱ्या बचत गटांतल्या बायकांना रोजंदारी ३०० रुपयांच्या आसपास मिळत राहिली. बरीच वर्षं ती वाढली नाही, पुढे वाढली तीही किंचित. इडली महाग करायची नाही हे धोरण ठीक, पण त्याची किंमत पहाटे चारला येऊन पीठ उपसणाऱ्या बाईने मोजायची, हे ठीक नाही. या सेवेवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप माझ्या मते हाच.

आणखी एक गोम. मजुरी विक्रीला बांधलेली नाही. पन्नास ताटं गेली काय आणि तीनशे गेली काय, दिवसाचे पैसे तेच. त्यामुळे ढिल्या केंद्रांत दुपारी दीडलाच ‘सांबारभात संपला’ ऐकू येतं. महाराष्ट्रात शिवभोजन थाळीचं नेमकं उलट आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या त्या योजनेत दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात दहा रुपयांत. केंद्रचालकाला प्रत्येक थाळीमागे शहरात ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान. तिथे ताटांचा आकडा फुगवण्याचा मोह होतो, म्हणून जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवायची अट घालावी लागली. एकीकडे कमी शिजवण्याचा मोह, दुसरीकडे जास्त दाखवण्याचा. पैसे कशाला बांधलेत ते आधी विचारा, खानावळीचं दुखणं तिथेच सापडतं.

तिसरा नमुना आंध्रचा. अण्णा कॅन्टीन २०१८ मध्ये चंद्राबाबू नायडूंनी सुरू केली, एका वेळचं जेवण ५ रुपये. २०१९ मध्ये जगन मोहन रेड्डींचं सरकार आलं आणि ती बंद पडली. मग नायडूंच्या तेलुगू देसम पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काही गावांत स्वतःच्या खर्चाने ती चालवली. नायडूंच्या कुप्पम मतदारसंघात २०२२ साली त्यावरून मोडतोडही झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये नायडूंना अटक, राजमहेंद्रवरमच्या तुरुंगात पन्नासहून जास्त दिवस, जून २०२४ मध्ये दणदणीत विजय, आणि १५ ऑगस्ट २०२४ ला गुडिवाड्यात पहिलं कॅन्टीन पुन्हा उघडलं. अन्न मोठ्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतं. त्यामुळे चव सगळीकडे सारखी आणि हिशेब सोपा, पण इडली डब्यात बसून प्रवास करते आणि तिची वाफ तिलाच भिजवते. चेन्नईत प्रत्येक केंद्रात चूल आहे. चवीत फरक पडतो, पण गरम मिळतं. दोन्हींतून निवडायचं तर चेन्नईची पद्धत बरी.

द्रमुकचं कौतुक एका बाबतीत करायला हवं. २०२१ ची विधानसभा निवडणूक द्रमुकने जिंकल्यावर, शपथविधीच्याही आधी, ४ मे रोजी मोगप्पैरमधल्या उणवगमची पाटी द्रमुकच्याच दोघांनी उखडली. चित्रफीत पसरली. द्रमुकचे नेते स्टॅलिन यांनी त्यांना पक्षातून काढलं, गुन्हा नोंदवला गेला आणि पाटी परत लावली गेली. अम्मा मिनी क्लिनिक याच सरकारने पुढे बंद केली, पण खानावळी ठेवल्या, नावासकट. जुलै २०२४ मध्ये स्टॅलिन यांनी एका उणवगमला भेट देऊन दुरुस्ती आणि नव्या भांड्यांसाठी २१ कोटी रुपये जाहीर केले. कलैञर (म्हणजे द्रमुकचे करुणानिधी) यांच्या नावाने कलैञर उणवगम काढायची घोषणाही त्यांच्याच पक्षाची होती, ती बाजूला राहिली. प्रतिस्पर्ध्याच्या फोटोखाली इडली वाटायला मोठं मन लागतं, किंवा चांगला हिशेब.

आपल्याकडे १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. कल्पना वाईट नव्हती, आणि इडलीपेक्षा भाकरीला यंत्रसामग्रीही कमी लागते. पण भाकरी ही एकेक थापावी लागते, हातातून सुटली की लगेच खावी लागते आणि हजारोंच्या हिशेबात तिला माणसं फार लागतात. इडलीच्या एका भांड्यात दहा-बारा मिनिटांत शंभरावर नग निघतात. शिवाय झुणका-भाकरीच्या योजनेत मोक्याच्या जागा चालकांना मिळाल्या आणि अनुदान आटलं. झुणका गेला, टपरी राहिली, तिच्यावर वडापाव आणि चायनीज विकलं जाऊ लागलं. चेन्नईत जागा पालिकेची आणि चूलही पालिकेची असल्यामुळे हे टळलं. नव्याने अशी योजना आखणाऱ्या कोणाही नेत्याने, मग तो पडलेला असो की चढलेला, हा एक मुद्दा तरी लिहून घ्यावा.

गुण द्यायचे तर: किमतीला दहापैकी दहा. सांबारभाताला सात, सकाळच्या इडलीला साडेसहा, दहाच्या इडलीला चार. स्वच्छता केंद्रागणिक बदलते. ताट घ्यायच्या आधी धुण्याची जागा बघा, पाणी वाहतं असेल तर जेवा, एकाच टबात ताटं बुचकळत असतील तर पुढच्या वॉर्डातलं गाठा. वागणूक बरी, घाईची. बसायला जागा नाही, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांची अडचण होते.

उपचारासाठी चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना एवढं सांगून ठेवतो. सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयाच्या आवारात उणवगम आहे. रुग्णाबरोबर राहणाऱ्यांची तिथे दुपारी साडेबारा ते दीड मोठी गर्दी असते, म्हणून बाराच्या ठोक्याला जावं. भाषेची अडचण येत नाही, बोटाने दाखवलं तरी चालतं. ‘सांबार सादम’ (सांबारभात) आणि ‘तयिर सादम’ (दहीभात) एवढे दोन शब्द पुरतात. तिखट झेपत नसेल तर दोन्ही टोकनं एकदम घ्या आणि आधी सांबारभात, मग दहीभात असा क्रम ठेवा. नंतर पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं, तर दहीभात बहुधा संपलेला असतो.